सुगीची एकेरी वही

मी शिडीवर होतो. 'श्री भैरवनाथ रसवंती गृह' एवढी पाटी लिहीत आलो होतो, शेवटचा 'ह' तेवढा राहिला होता. आणि 'ह' हे अक्षर पेंटरचा घाम काढणारं. त्याचं पोट जमवावं तर मान बिघडते, मान जमवावी तर शेपूट घसरतं. मी श्वास धरून ब्रश टेकवला, आणि खालून आवाज आला, "बाबा, आपली वही तालुक्याच्या स्पर्धेला चालली."

ब्रश असा सुटला की 'ह'चं शेपूट मी बाजूला काढलेल्या उसाच्या पेरापर्यंत गेलं.

"कसल्या स्पर्धेला?"

"सुंदर हस्ताक्षराच्या. बिडवे बाईंनी अख्ख्या शाळेतून एकच वही निवडली."

खाली माझी लेक उभी होती. नाव सुगंधा, पण आम्ही सुगी म्हणायचो. वय आठ, इयत्ता तिसरी, दोन वेण्या, त्यातल्या एकीची रिबीन कायम सुटलेली. रसवंतीचा मालक गल्ल्यामागून म्हणाला, "वा अंबादास पेंटर, बापाचा हात घेतला की पोरीनं."

मी घासलेटचा बोळा घेऊन 'ह' पुसत राहिलो. खाली बघायची छाती होईना, कारण त्या वहीत जूनपासून सुगीनं एक अक्षरसुद्धा काढलेलं नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती सगळी वही मी लिहिली होती.

आता हे कसं झालं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही मला लबाड म्हणाल. लबाड तर मी होतोच, पण जूनमध्ये नव्हतो.

जूनमध्ये शाळेत पालकांची सभा झाली. वैरागच्या बाजारपेठेत आमचं दुकान, तिथून शाळा पाच मिनिटांवर. तिसरीच्या वर्गात आम्हा सगळ्या आईबापांना पोरांच्या बाकांवर बसवलं. माझे गुडघे बाकात मावेनात म्हणून मी तिरका बसलो होतो. बिडवे बाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या. उंच, सडपातळ, सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. आवाज मोठा नव्हता, पण बाकावरचा माणूस आपोआप सरळ व्हायचा.

बाई म्हणाल्या, "दुसरीपर्यंत पोर तुमच्या बोटाला धरून येतं. तिसरीत ते बोट सोडतं, एवढं ध्यानात ठेवा. दुरेघी वही बंद, एकेरी सुरू. पाढे वीसपर्यंत जातील. गणितात नुसते आकडे येणार नाहीत, गोष्ट येईल, आणि आकडे गोष्टीतून पोरानं स्वतः हुडकायचे. रोज एक पान शुद्धलेखन, पोराच्या हातचं. खाली पालकाची सही."

"बाई, आमचा दूध पीत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

"ते तिसरीत नाही," बाई म्हणाल्या. "आणखी एक सांगते, ते पुस्तकात नाही. तिसरीत पोर पहिल्यांदा तुमच्यापासून काहीतरी लपवतं. घाबरायचं नाही. वयच ते असतं. काय लपवलंय ते कळेपर्यंत धीर धरायचा."

मी मनात म्हणालो, आमची सुगी तसली नाही. आणि दुसरं एक मनात आलं, ते त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. तिसरीच्या वर्गात मी बावीस वर्षांनी पाय ठेवला होता. मी तिसरीत दोनदा नापास झालो. दुसऱ्या वेळी आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दप्तर खुंटीला लावलं आणि माझ्या हातात चुन्याची बादली दिली. ते घरं रंगवायचे. भिंतीवरून मी पाट्यांवर आलो तो माझ्या अकलेनं. वैरागातल्या निम्म्या दुकानांवर तेव्हा माझं अक्षर होतं, पण शाळेनं माझ्या अक्षराला कधी बरं म्हटलं नव्हतं.

तर शुद्धलेखन. पहिल्याच संध्याकाळी सुगी कोरी वही पुढे मांडून रडायला लागली.

"बाबा, वर्गात लिहूनच बोटं दुखतात. ओळ खाली खाली जाते."

"जाऊ दे की खाली."

"बाई म्हणतात, ओळ घसरली की पान परत लिहायचं."

केशर, माझी बायको, शेजारी पापड लाटायला गेली होती. पोरगी रडतेय आणि मी बघत बसलोय, हे मला जमत नाही. मी म्हणालो, "आण इकडं. आजच्या दिवस मी लिहितो."

"माझ्यासारखं काढा हां," सुगी लगेच डोळे पुसून म्हणाली. "वाईट."

हे काम सोपं असेल असं तुम्हाला वाटेल. मी देवनागरी वीस तऱ्हांनी काढत होतो, सावली देऊन, बिनसावलीची, गोलाईची, सरकारी. पण आठ वर्षांच्या पोरीचं वाईट अक्षर काढताना मला घाम फुटला. सुगीचा 'क' एका बाजूला कलंडायचा, पण रोज तेवढाच कलंडायचा. 'झ' तर तिचा नुसता गुंता. मी तो गुंता जसाच्या तसा घातला. सुगी शेजारी पाय हलवत बसायची आणि पुस्तकातलं पान मोठ्यानं वाचायची. ती वाचायची, मी लिहायचो. एक दिवसाचे दोन दिवस झाले, मग आठवडा, मग ती रीतच पडली. केशरला वाटायचं, बाप लेकीचा अभ्यास घेतोय. ती चार घरी कौतुक सांगायची.

चूक पुढे झाली. माझ्या हाताला वाईट अक्षर सोसवेना. जुलैत मी 'क' जरा उभा केला. ऑगस्टात 'ल'ला वळण दिलं. गणपतीत तर ओळ आखल्यासारखी सरळ गेली. आम्ही पेंटर रंगात भिजवलेली दोरी मारून ओळ आखतो, तसली दोरी न मारताच. आणि एक दिवस बाईंचा लाल शेरा आला: 'सुधारणा आहे.' पुढे आला 'छान.' दसऱ्याच्या आदल्या दिवशी पानाखाली लिहून आलं, 'उत्तम.'

सुगीनं वही माझ्यापुढे उघडी ठेवली. मी तो शेरा वाचला. ती आत पाणी प्यायला गेली तेव्हा परत वाचला.

दिवाळीनंतर एकदा सुगी म्हणाली, "बाबा, आता मी लिहू का?"

"राहू दे. तुझी बोटं दुखतील," मी म्हणालो.

ती पुस्तक उघडून वाचायला लागली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

तर अशी ती वही आता स्पर्धेला चालली होती. रसवंतीची पाटी कशीबशी संपवून घरी आलो, तर केशरनं बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचवलेली. कुर्डुवाडीला तिच्या बहिणीला फोनसुद्धा झाला होता. सुगीसाठी नवा फ्रॉक शिवायला टाकला होता, निळा.

"तालुक्यातली साठ-सत्तर पोरं येणार म्हणे," केशर म्हणाली. "स्पर्धा आपल्याच शाळेत आहे. परीक्षकांसमोर बसून एक पान लिहायचं. त्यात काय, आपली रोज लिहिते."

मी ताट तसंच बाजूला सारलं. परीक्षकांसमोर सुगी बसणार, कलंडलेला 'क' काढणार, आणि शेजारी ती वही उघडी असणार. अख्ख्या तालुक्यापुढे माझी पोर खोटारडी ठरणार. रडेल ती वेगळंच. आणि रडताना कुणाकडे बघेल, तर माझ्याकडे.

हातात आठ दिवस होते. मी ठरवलं, आठ दिवसांत पोरीला तिचं स्वतःचं अक्षर शिकवायचं. म्हणजे माझं. म्हणजे वहीतलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला दुकानात बसवलं.

"हा बघ 'क'. उभी रेघ आधी. मग पोट."

"हा तर तुमचा 'क' आहे बाबा."

"तुझाच आहे. वहीत बघ की."

"वहीतला पण तुमचाच आहे."

"सुगे, वाद घालू नको. काढ."

तिनं एक काढला. कलंडला. मग म्हणाली, "मला नीट कळलं नाही. तुम्ही पानभर काढून दाखवा."

मी पानभर काढून दाखवलं. तिनं हनुवटीला बोट लावून ते तपासलं. "हे तीन बरे नाहीत. घाईत काढलेत. परत काढा." मी परत काढले. असं पाच दिवस चाललं. मी शिकवायला बसायचो आणि शेवटी मीच लिहीत असायचो. ती खोडरबर हातात घेऊन माझी वाईट अक्षरं पुसायची. "बाबा, तुमच्या 'झ'ची गाठ सैल पडते," म्हणायची. "तुम्ही सराव करा."

"मी काय करू सराव करून? स्पर्धेला बसायचंय तुला. भीती नाही वाटत?"

"मला कशाला वाटेल?" ती म्हणाली आणि पेन्सिलीला टोक काढायला लागली.

मला वाटलं, पोरीला अजून कशाची कल्पनाच नाही. माझी झोप उडाली होती आणि ही गाणी म्हणत होती. सहाव्या दिवशी मी शेवटचा उपाय काढला. दुकानातल्या पांढऱ्या कापडाची पट्टी फाडली.

"स्पर्धेच्या दिवशी ही बोटाला बांधू. दारात बोट चेमटलं म्हण. झालं."

"चेमटलं कुठाय?"

"चेमटलं नाही, पण म्हणायचं."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"थोडंसं."

सुगीनं पट्टी माझ्या हातातून घेतली, नीट घडी केली आणि रंगाच्या डब्यांमागे टाकून दिली. "बाई म्हणाल्यात, खोटं बोललं की पुढचं लक्षात ठेवायला लागतं. माझे पाढेच अजून राहिलेत."

आता उरला एकच रस्ता. बाईंकडे जाऊन कबूल व्हायचं. सांगायचं, बाई, पोरीची काही चूक नाही, सगळं मी केलंय, तिचं नाव काढा आणि मला काय बोलायचं ते बोला. वाटेत हे वाक्य मी दहा वेळा घोकलं. शाळेत गेलो तर बाई एकट्याच वह्या तपासत बसलेल्या. समोर सुगीची वही, म्हणजे माझी.

"या उकरंडे. बसा."

मी बाकावर तिरका बसलो. "बाई, या वहीबद्दल जरा बोलायचं होतं."

"मलाही बोलायचंच होतं," बाई म्हणाल्या. "हा 'ल' बघा. तीस वर्षं शिकवतेय, एवढा देखणा 'ल' माझ्या वर्गात कुणी काढला नाही."

आता खरं सांगतो, एवढं ऐकल्यावर घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. देखणा 'ल'. तिसरीच्या वर्गात बसून, तिसरीच्या बाईंच्या तोंडून. मी नुसता मान हलवत राहिलो.

"काय सांगत होता?"

"काही नाही बाई. म्हटलं, स्पर्धेसाठी काही मदत लागली तर."

"लागेल की. मंचावर मोठा कापडी फलक हवाय. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?"

अशी माझी कबुली झाली. मान खाली घालून गेलो आणि बारा फुटांचं कापड घेऊन परत आलो. दोन दिवस ते रंगवलं. 'तालुकास्तरीय सुंदर हस्ताक्षर स्पर्धा.' रंगवताना हातानं जे येतं तेच काढलं. दुसरं सुचलंच नाही.

स्पर्धेच्या सकाळी फलक मंचावर चढला, खाली टेबलावर निवडलेल्या वह्या उघड्या मांडल्या, आणि मी मागच्या रांगेत केशरशेजारी बसलो. तेव्हा मला दिसलं. वर फलकावर 'ल', खाली वहीत 'ल'. वर 'स्प', खाली 'स्प'. एक लाल, एक पेन्सिलीचा, बाकी जुळी भावंडं. बार्शीहून आलेले परीक्षक, पांढऱ्या मिशांचे चित्रकलेचे सर, एकदा वर बघत होते, एकदा वहीत बघत होते. मी केशरच्या आडोशाला जरा खाली सरकून बसलो.

पोरं ओळीनं बसली. घंटा झाली. सत्तर पेन्सिली एकदम चालायला लागल्या. सुगी त्यांच्यात नव्हती. निळा फ्रॉक घालून, छातीला कागदाचं फूल लावून, ती पोरांना कागद वाटत हिंडत होती.

"आपली का बसली नाही?" केशर म्हणाली.

"बोलावतील," मी म्हणालो.

तास संपला. पोरांचे कागद गोळा झाले. सुगीचं नाव कुणी घेतलंच नाही. मला वाटलं, सुटलो. देव पावला. केशर मात्र बाईंना जाब विचारायला उठायच्या बेतात होती. तेवढ्यात बिडवे बाईंनी माईक हातात घेतला.

"यंदा पहिल्यांदाच आपण पालक गट ठेवला आहे. यजमान शाळेतर्फे या गटात भाग घेत आहेत श्री. अंबादास धोंडीबा उकरंडे. त्यांनी जूनपासून रोज एक पान शुद्धलेखन लिहिलंय. एकही दिवस चुकवला नाही. त्यांची वही टेबलावर ठेवली आहे, जरूर बघा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून बघितलं, कोण उकरंडे ते. मग केशरनं मला कोपरानं ढोसलं. तिच्या तोंडावर काय होतं ते मी सांगत नाही, पण तिनं आठ दिवसांत किती घरं हिंडून काय सांगितलं होतं, ते सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार.

मी उठलो. पालक गटात आम्ही सात जण होतो. दवाखान्यातल्या सिस्टर, एक पोस्टमन, भजनी मंडळाचे एक आजोबा आणि असेच आणखी काही. सगळ्यांना पोरांच्या बाकांवर बसवलं. माझे गुडघे अडकले. सुगी कागद आणि टोक काढलेली पेन्सिल घेऊन आली. कागद माझ्यापुढे सरळ करून ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, 'झ'ची गाठ."

परीक्षकांनी मजकूर वाचायला सुरुवात केली. "झाडाखाली झिपऱ्या कुत्रा झोपला होता. झुळूक आली आणि झाडाची पानं झडली..." एवढे 'झ' त्या माणसानं कुठून गोळा केले होते देव जाणे. मी लिहिलं. बारा फुटांचं कापड सहज भरणारा मी त्या वीतभर कागदावर एकेका 'झ'ची गाठ दोनदा बघत होतो. पण लिहिलं. मोठ्या माणसासारखं नाही, पोरासारखं, जीभ बाहेर काढून.

निकाल लागला. पहिल्या सिस्टर. दुसरा पोस्टमन. माझा नंबर आला नाही. परीक्षक बोलले ते अजून आठवतं: "उकरंडे यांचं अक्षर देखणं आहे. पण ते पाटीचं अक्षर आहे, लांबून वाचायचं. वहीतलं अक्षर माणूस जवळ घेऊन वाचतो."

मंडप रिकामा झाल्यावर बाईंनी मला वर्गात बोलावलं. सुगी आधीच तिथं बाकावर बसून पाय हलवत होती. केशर दारात उभी राहिली, आत आली नाही. मी बाईंपुढे उभा राहिलो आणि घोकलेलं ते वाक्य एकदाचं बाहेर पडलं. "बाई, पोरीची काही चूक नाही. सगळं मी केलं. तिला काही बोलू नका."

"तिला कशाला बोलू?" बाई म्हणाल्या. "तिचं काम ती रोज करते. सुगंधा, दाखव."

सुगीनं दप्तरातून एक वही काढली. एकेरी. कव्हर कोपऱ्यात दुमडलेलं. मी उघडली. पहिल्या पानावर दिवाळीनंतरची तारीख होती. 'क' कलंडलेले. ओळी खाली घसरलेल्या, मग परत लिहिलेल्या. 'झ'चा गुंता. रोज एक पान, मधल्या सुट्टीत शाळेत बसून लिहिलेलं. खाली बाईंचे लाल शेरे: 'सराव हवा.' 'ओळ सांभाळ.' 'सराव हवा.' बऱ्याच पानांनंतर एक 'ठीक.' शेवटी शेवटी 'क' हळूहळू उभा राहायला लागला होता. कुणीही न शिकवता, आपापला.

"हिला एकही 'उत्तम' नाही?" मी विचारलं.

"अजून मिळवायचाय तिला. मी खोटा शेरा देत नाही."

"मग मला कसा दिला? तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"उकरंडे, मी रोज बाजारपेठेतून चालत शाळेत येते. तुमचा 'ल' मला किराणा दुकानापासून सलूनपर्यंत भेटतो. गणपतीत संशय आला, दिवाळीत खात्री पटली. तुम्हाला बोलावून चांगलं झाडणार होते. तेवढ्यात दिवाळीनंतर ही आली. म्हणाली, बाई, वही बाबा लिहितात. आता मी लिहीन, दुसरी वही करते. पण बाबांची पण तपासा."

मी सुगीकडे बघितलं. ती रिबिनीशी खेळत होती.

"का गं?"

"तुम्हाला 'उत्तम' आवडतं ना," ती खाली बघून म्हणाली. "मी आत गेले की तुम्ही परत वाचता. मला दारातून दिसतं. आणि तुम्ही तिसरीत नापास झालेले. आईनं सांगितलं होतं."

दारात केशरनं पदर तोंडाला लावला. मला रडू आलं, आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. बत्तीस वर्षांचा माणूस, आणि आठ वर्षांची पोर तीन महिने माझ्यापासून तिचा अभ्यास लपवत होती. कशासाठी, तर माझा शेरा जाऊ नये म्हणून.

"म्हणजे तो 'उत्तम' खोटाच होता तर," मी म्हणालो.

"खोटा कशाला? अक्षर उत्तमच होतं," बाई म्हणाल्या. "वहीवर विद्यार्थ्याचं नाव चुकलं होतं तेवढं." त्यांनी माझी वही पुढे ओढली, लाल पेननं कव्हरवरचं 'सुगंधा' खोडलं आणि त्या जागी लिहिलं, 'अंबादास धोंडीबा उकरंडे. इयत्ता तिसरी.' मग वही माझ्याकडे सरकवली. "वर्ष संपायला तीन महिने आहेत. रोज एक पान, आणि ते वहीचं अक्षर हवं, पाटीचं नको. खाली पालकाची सही."

"पालकाची? माझे अण्णा तर वारले बाई."

"सुगंधा करेल की."

केशर घरी पोचेपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत होती. घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता जी हसायला लागली, ती भाकरी करपेपर्यंत हसत होती. गल्लीत तिनं नंतर काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण महिनाभर बायका मला बघून पदर तोंडाला लावायच्या.

आणि मी ते तीन महिने लिहिलं. खरंच लिहिलं. संध्याकाळी दुकान आवरून आलो की आम्ही दोघं कंदिलाशेजारी बसायचो, वैरागात त्या वेळेला वीज हमखास जायची. ती तिची वही घ्यायची, मी माझी. ती तिचं पान स्वतः लिहायची आणि मग माझं तपासून खाली सही करायची, 'सुगंधा अं. उकरंडे', कलंडलेल्या अक्षरात. माझा शेरा आता 'उत्तम' येत नव्हता. बाई 'सराव हवा' लिहायच्या. मी चिडायचो, सुगी समजूत काढायची. मार्चमध्ये एका दिवशी तिच्या पानाखाली 'उत्तम' आलं. ती मला सांगायला दुकानात आली नाही. मैत्रिणींना सांगत शाळेपुढच्या वडाखाली बसली होती, मी रस्त्यावरून जाताना ऐकलं. ओरडून हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही.

एक मे, निकालाचा दिवस. शाळेत ध्वजवंदन झालं, मग वर्गात बाईंनी एकेकाचं प्रगतिपुस्तक दिलं. सुगी पास, वर्गात सातवी. सगळे गेल्यावर बाईंनी माझी वही काढली. शेवटच्या पानाखाली लाल शाईत लिहिलं होतं, 'तिसरी पूर्ण. वर्गोन्नत.'

आता त्याला बावीस-तेवीस वर्षं झाली. वैरागात फ्लेक्स आला, छापील पाट्या लागल्या, भैरवनाथ रसवंतीची तेवढी एक पाटी माझ्या हातची उरलीय, तिच्या 'ह'चं शेपूट अजून जरा लांबच आहे. वही माझ्या कपाटात आहे.

त्या निकालानंतर जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा सवयीनं मी चप्पल घालून दारात उभा राहिलो. सुगीनं दप्तर पाठीला लावलं, रिबीन स्वतःची स्वतः बांधली आणि म्हणाली, "बाबा, तुमची झाली की शाळा."

चौथीत सुगी एकटीच गेली.